निंबोल्यातला फोटो घरी पोहोचेपर्यंत : वाय-फाय मेमरी कार्ड, त्याचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा

बऱ्हाणपूरहून असीरगडाकडे निघालं की इंदूर-इच्छापूर रस्त्यावर निंबोला लागतं. गड बघायला जाणारे बहुतेक जण इथे फार तर चहाला थांबतात आणि पुढे निघून जातात. आमच्या मंडळाचं मात्र इथे वरचेवर येणं असतं. गडावरच्या भिंती, दरवाजे, लेख यांचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत, पण गडाखालच्या गावांतल्या घरांत जे आहे त्याचे फोटो कोणी काढत नाही. जुन्या पेटीतला रुमालात बांधलेला कागदांचा गठ्ठा, लग्नातला पिवळा पडलेला फोटो, एखादी जुनी वही. अशा वस्तू घरमालक घराबाहेर जाऊ देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. तेव्हा कॅमेरा घेऊन आपणच त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं.

हे टिपण त्या कॅमेऱ्यातल्या एका छोट्या वस्तूबद्दल आहे. वाय-फाय मेमरी कार्ड. म्हणजे कॅमेऱ्यातून बाहेर न काढता, वायर न लावता फोटो मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर पाठवणारं कार्ड. इतिहासाच्या संकेतस्थळावर हा विषय कशाला, असं कोणाला वाटेल. त्याचं कारण आधी सांगतो.

आमच्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, निंबोल्याच्याच एका घरी आम्हाला कागदांचा रुमाल बघायला मिळाला. काही कागद मोडीत, काही फारसीत, काही अलीकडचे पावती-दाखले. घरातले बाबा आधी तयार नव्हते. दोन-तीनदा जाऊन बसलो, चहा झाला, ओळखी निघाल्या, मग म्हणाले, "काढा, पन इथंच काढा." दुपारभर बसून आम्ही शंभरावर फोटो काढले. कार्ड कॅमेऱ्यातच ठेवून घरी आलो. रात्री लॅपटॉपला लावलं तर लॅपटॉप म्हणाला, हे कार्ड फॉर्मॅट करावं लागेल.

फोटो परत मिळवायचं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. जे निघालं ते अर्धवट, खालचा भाग करडा झालेलं. लगेच परत जायला हवं होतं. पण आम्ही ठरवलं, पावसाळा संपला की जाऊ. पावसाळ्यात त्या घराची मागची भिंत खचली आणि पेटीत पाणी शिरलं. आम्ही गेलो तेव्हा कागदांचा लगदा झाला होता. बाबांनी तो टाकला नव्हता, सुपात वाळत घातला होता. आमच्यातल्या एकाने त्या दिवशी सहज मोबाइलवर काढलेले अकरा फोटो, तेवढंच आता त्या रुमालाचं उरलं आहे.

दोष आमचाच. जी वस्तू पुन्हा बघायला मिळेल याची खात्री नव्हती, तिची एकच प्रत घेऊन आम्ही तिथून उठलो.

मूळ वस्तू हरवते आणि नक्कल उरते, हे या भागाला नवं नाही. मौखरी राजा शर्ववर्मा याची सहाव्या शतकातली प्रसिद्ध तांब्याची मुद्रा असीरगडावरची म्हणूनच ओळखली जाते. मूळ मुद्रा आज उपलब्ध नाही. अभ्यासकांनी ती वाचली ती तिच्या ठशांवरून. जॉन फ्लीट यांनी १८८८ साली 'कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम'च्या तिसऱ्या खंडात तिचं वाचन दिलं, तेही ठशांच्या आधाराने. कनौजच्या त्या घराण्याची वंशावळ अभ्यासकांच्या हाती आली ती या अशा ठशांमुळे. कोणीतरी वेळेवर ठसा घेतला आणि तो नीट ठेवला म्हणून. आपला डिजिटल फोटो हा आजच्या काळातला ठसाच. फरक एवढाच, की कागदावरचा ठसा एकदम नाहीसा होत नाही, आणि कार्डातला होतो.

कार्डाच्या पोटात काय असतं

साधं एसडी कार्ड म्हणजे ३२ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद प्लास्टिकच्या डबीत बसवलेली फ्लॅश मेमरी, आणि तिचा कारभार बघणारी एक चिप, जिला कंट्रोलर म्हणतात. वाय-फाय कार्डात याच डबीत आणखी दोन गोष्टी कोंबलेल्या असतात: एक बारीक रेडिओ आणि त्याचा अँटेना. शिवाय फोटो पाठवायचं काम करणारा छोटा संगणकच म्हणा ना.

याला वीज कुठून मिळते? कॅमेऱ्याच्या बॅटरीतून. कार्डात स्वतःची बॅटरी नसते. त्यामुळे कॅमेरा चालू असेल तोपर्यंतच कार्ड बोलतं. पुढच्या बऱ्याच अडचणी या एका गोष्टीतून निघतात, म्हणून ती लक्षात ठेवावी.

अशा कार्डांची सुरुवात अमेरिकेतल्या आय-फाय या कंपनीने केली. तिचं पहिलं कार्ड २००७ साली बाजारात आलं, २ जीबीचं. वाय-फाय असलेले कॅमेरे त्याआधीच, २००५ मध्ये, निघाले होते. निकॉनचा पी-१ आणि कोडॅकचा ईझीशेअर-वन ही त्यातली नावं. पण ते थोडे आणि महाग. कार्डाचा फायदा असा, की घरात असलेल्या साध्या कॅमेऱ्यालाही ही सोय मिळाली. पुढे तोशिबाचं फ्लॅशएअर, ट्रान्सेंडचं वाय-फाय कार्ड अशी आणखी नावं आली, आणि २०१२ च्या सुरुवातीला एसडी असोसिएशनने वायरलेस कार्डांसाठी एक प्रमाणही जाहीर केलं.

फोटो जातो कसा : दोन तऱ्हा

पहिली तऱ्हा. कार्ड स्वतःच एक छोटं वाय-फाय नेटवर्क उभं करतं. मोबाइलच्या वाय-फायच्या यादीत त्याचं नाव दिसतं. पासवर्ड टाकून जोडायचं आणि कार्डाचं ॲप किंवा नुसतं ब्राउझर उघडून आतले फोटो बघायचे, हवे ते उतरवून घ्यायचे. फ्लॅशएअरमध्ये तर ॲपही लागत नव्हतं, कार्डातच एक छोटा वेब सर्व्हर होता.

दुसरी तऱ्हा. कार्ड आपल्या घरच्या वाय-फायला किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून घेतं आणि त्या नेटवर्कवरच्या संगणकाकडे फोटो पाठवत राहतं. आय-फायची सुरुवातीची कार्डं अशी होती. घरी येऊन कॅमेरा चालू करून टेबलावर ठेवला की फोटो आपोआप संगणकात.

गावात काम करणाऱ्यांना पहिली तऱ्हा उपयोगाची. इथे एक गैरसमज नेहमी होतो, तो दूर करायला हवा. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. कार्ड आणि मोबाइल यांच्यातलं बोलणं त्या दोघांपुरतं असतं. मोबाइलला रेंज नसली तरी, सिमकार्ड नसलं तरी फोटो जातो. आमच्याकडच्या एका काकांनी "इथं टॉवरच नाही, कार्ड काय कामाचं?" म्हणून ते पिशवीतून बाहेरच काढलं नव्हतं. गडाच्या उतारावर रेंज जाते, पण कार्ड आणि मोबाइल शेजारी असले की काम होतं.

उलट एक अडचण मोबाइलकडूनच येते. आजकालचे फोन फार शहाणे. जोडलेल्या वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की ते आपणहून ते नेटवर्क सोडून मोबाइल डेटावर जातात आणि फोटो मध्येच अडकतो. उपाय सोपा आहे: काम होईपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवायचा, आणि "इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का?" असं फोनने विचारलं की हो म्हणायचं.

वेळेचा हिशेब आधी करावा

ही कार्डं वेगवान नाहीत. रेडिओ बारीक, अँटेना बारीक, आणि भोवती कॅमेऱ्याचं अंग. ते धातूचं असेल तर लहरी आणखी अडतात. समजा, सेकंदाला १ एमबी जातं. एक जेपेग फोटो ५ एमबीचा धरला तर एका फोटोला ५ सेकंद. २०० फोटोंना १,००० सेकंद, म्हणजे सुमारे १७ मिनिटं. ओसरीवर चहा होईपर्यंत होऊन जातं.

पण तेच २०० फोटो रॉ स्वरूपात, प्रत्येकी २५ एमबीचे असतील तर? ५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ दीड तास. तेवढा वेळ कॅमेरा चालू, बॅटरी उतरत चाललेली. म्हणून आम्ही कॅमेरा रॉ आणि जेपेग दोन्ही नोंदवण्यावर ठेवतो. वायरलेसने फक्त जेपेग घेतो, रॉ कार्डातच राहतात आणि मुक्कामाला आल्यावर कार्ड रीडरने उतरवतो. म्हणजे एक प्रत मोबाइलवर, दुसरी कार्डात, आणि दोन्ही वेगळ्या माणसांच्या खिशात.

आणखी एक. कॅमेरा एक-दोन मिनिटं नुसता पडला की स्वतःहून झोपतो. तो झोपला की कार्डाची वीज गेली, फोटो अर्धा राहिला. कॅमेऱ्याच्या मेनूत ही झोपेची वेळ वाढवता येते, ती निघण्यापूर्वी वाढवून ठेवावी. जास्तीची बॅटरी जवळ हवीच.

एक घर, दोन कारभारी

ही गोष्ट जरा तांत्रिक आहे, पण आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची.

कार्डावर फोटो कुठे कुठे ठेवले आहेत याची एक यादी असते. साधारणपणे ती यादी फक्त कॅमेरा लिहितो. कॅमेऱ्याला वाटतं, या घराचा कारभारी मीच. तो ती यादी आपल्या डोक्यात धरून ठेवतो, दर वेळी नव्याने वाचत नाही. आता वाय-फायच्या बाजूने मोबाइलवरून आपण एखादा फोटो पुसला किंवा कार्डावर काही लिहिलं, तर कॅमेऱ्याला ते कळत नाही. तो आपल्या जुन्या यादीप्रमाणे पुढचा फोटो लिहितो. दोन कारभाऱ्यांच्या दोन वह्या झाल्या. मग यादी बिघडते आणि लॅपटॉप म्हणतो, कार्ड फॉर्मॅट करा.

म्हणून नियम असा: मोबाइलवरून कार्डातलं फक्त बघायचं आणि उतरवून घ्यायचं. पुसायचं नाही, नाव बदलायचं नाही, काही चढवायचं नाही. पुसणं आणि फॉर्मॅट करणं कॅमेऱ्यातूनच, आणि तेही दोन ठिकाणी प्रत झाल्यावर. काही कार्डांत त्यांच्या सेटिंगची फाइल कार्डावरच एका फोल्डरमध्ये असते. ती फॉर्मॅटमध्ये जाऊ शकते, म्हणून तिची नक्कल आधी संगणकात काढून ठेवावी.

फोटो जात असताना कॅमेरा बंद करू नये, कार्ड ओढू नये, हे वेगळं सांगायला नको. पण लहान मुलं भोवती असली की कॅमेरा कोणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही.

ओसरीवर बसून दिसणारा फोटो

एवढ्या कटकटी आहेत तर कार्ड वापरायचं कशाला? घरी येऊन वायर लावली की झालं की. आम्हीही पहिल्यांदा असंच म्हणत होतो. प्रत सुरक्षित व्हावी एवढ्यासाठीच आम्ही ते घेतलं होतं. त्याचा खरा उपयोग कळला तो वापरायला लागल्यावर.

त्याच भागातल्या दुसऱ्या एका घरी लग्नातला जुना गटफोटो होता, काचेच्या फ्रेममध्ये. आम्ही कॅमेऱ्याने फोटो काढत होतो आणि घरातल्या आजी बाजूला बसून बघत होत्या. म्हणाल्या, "काय करी राह्यले? मले तर काहीच दिसत नाही." कॅमेऱ्याचा पडदा दोन-तीन इंचांचा, त्यांना खरंच काही दिसत नव्हतं. मग फोटो वायरलेसने टॅबलेटवर घेतला आणि त्यांच्या पुढ्यात मोठा करून धरला. त्यांनी चष्मा पुसला, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. ही नणंद, ही तिची जाऊ, हा मागे उभा आहे तो घरचा नाही, तो रावेरहून आलेला मामा. भिंतीवरच्या फ्रेममध्ये तो फोटो वर्षानुवर्षं होता, पण काचेच्या डागांतून आणि त्या उंचीवरून त्यांनीही हे चेहरे कित्येक वर्षांत नीट पाहिले नव्हते. आम्ही बावीस जणांपैकी सतरा नावं लिहून घेतली. ती नावं त्या घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हती.

घरी आल्यावर फोटो उतरवला असता तर चेहरे मिळाले असते, नावं मिळाली नसती. नावांसाठी परत जाऊ म्हणता म्हणता काय होतं, ते वर सांगितलंच आहे.

कागदांचंही तसंच. मोठ्या पडद्यावर पाहिलं की लगेच कळतं, या पानाचा कोपरा हलला आहे, इथे बोटाची सावली पडली आहे, हा शिक्का धूसर आला आहे. कागद अजून समोर आहे, लगेच दुसरा फोटो काढता येतो. आणि घरमालकालाही दिसतं की आपण नेमकं काय काढलं, किती काढलं. "हा जमिनीचा कागद नको" असं तो म्हणाला तर त्याच्यासमोर पुसता येतो, अर्थात कॅमेऱ्यातून, आणि मोबाइलवर प्रत गेली असेल तर तीही. विश्वास बसतो तो अशा गोष्टींनी.

यातच पासवर्डचाही मुद्दा आला. बऱ्याच कार्डांचा कारखान्यातून येतानाचा पासवर्ड १२३४५६७८ असा असतो. तो बदलला नाही तर शेजारच्या चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसालाही त्या घरचे कागद आपल्या फोनवर बघता येतील. लोकांच्या वाटण्या, कर्जं, खटले या कागदांत असतात. पासवर्ड बदलायला पाच मिनिटं लागतात, ती घरून निघण्यापूर्वी काढावीत.

पोहोचला, पण पुरा पोहोचला का?

मोबाइलवर फोटो दिसला म्हणजे काम झालं असं नाही. तीन गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली, आकार. काही ॲप वेळ वाचवण्यासाठी मूळ फोटोऐवजी त्याची लहान केलेली प्रत पाठवतात. अलीकडच्या वाय-फाय किंवा ब्लूटूथ असलेल्या कॅमेऱ्यांच्या ॲपमध्येही हे होतं, २ मेगापिक्सेलची प्रत येते. मूळ फोटो २४ मेगापिक्सेलचा असेल तर बाराव्या हिश्शाइतकीच माहिती आपल्या हाती आली. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. अशा लेखाच्या लहान प्रतीवर ओळी मोजता येतील, पण अनुस्वार आहे की दगडाचा टवका, ते ठरवता येणार नाही. मोडीच्या बारीक फराट्यांचं तर विचारूच नका. ॲपच्या सेटिंगमध्ये "मूळ आकार" निवडला आहे ना, ते पाहावं.

दुसरी, फोटोसोबतची माहिती. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, कॅमेरा, लेन्स यांची नोंद असते, तिला एक्झिफ म्हणतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही नोंदही गळते. पाठवायचाच असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावा. आणि मुळात कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर हवं. बॅटरी काढून बरेच दिवस ठेवला की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ पहिल्या तारखेवर जातं. आम्ही प्रत्येक ठिकाणी पहिला फोटो एका कागदाचा काढतो. त्यावर गाव, तारीख, वेळ आणि त्या घरासाठी आमचा क्रमांक लिहिलेला असतो. घड्याळ चुकलं तरी हा कागद साक्षीला राहतो.

तिसरी, फाइल जशीच्या तशी आली का. यासाठी चेकसम नावाची युक्ती आहे. संगणक अख्खी फाइल वाचून तिचा एक ठरावीक लांबीचा आकडा काढतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाइलमध्ये एक कण जरी बदलला तरी हा आकडा पार बदलतो. कार्डातल्या फाइलचा आणि हार्ड डिस्कवरच्या फाइलचा आकडा सारखा आला, तर दोन्ही एकच. मुक्कामावर लॅपटॉप असेल तर ही तपासणी करावी. गावात निदान एवढं करावं: दोन्हीकडचे फोटो मोजायचे, आणि प्रत्येक दहावा फोटो पूर्ण मोठा करून खालपर्यंत बघायचा. अर्धवट आलेला फोटो खालच्या बाजूनेच करडा असतो.

कंपनी थांबते तेव्हा

वारसा जपणाऱ्यांनी या कार्डांच्या इतिहासातून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे. आय-फाय कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये आपल्या एक्स-२ आणि त्याआधीच्या कार्डांना आधार देणं थांबवलं. ही कार्डं जोडायला, त्यांची सेटिंग बदलायला कंपनीच्या सर्व्हरची गरज होती. कार्ड शाबूत, कॅमेरा शाबूत, फोटोही शाबूत, पण सर्व्हर नाही म्हटल्यावर कार्ड जवळजवळ साधं झालं. वापरणाऱ्यांची ओरड झाल्यावर सेटिंग करण्यापुरतं एक सॉफ्टवेअर कंपनीने दिलं, इतकंच. तोशिबाचा मेमरीचा धंदा २०१९ मध्ये किओक्सिया या नावाने उभा राहिला आणि फ्लॅशएअरही पुढे बंद झालं.

यात कोणाला दोष द्यायचा नाही. कॅमेऱ्यांतच वाय-फाय आलं, मोबाइलचे कॅमेरे सुधारले, कार्डांची गरज कमी झाली. पण फ्लॅशएअरसारखं कार्ड, जे स्वतःचं नेटवर्क उभं करतं आणि ब्राउझरमधून फोटो देतं, ते कंपनी नसली तरी चालू राहतं. ज्याला दूरच्या सर्व्हरचा कौल लागतो ते राहत नाही. आपल्या संग्रहासाठी कोणतंही साधन निवडताना हा प्रश्न विचारावा: उद्या कंपनी नसली तर हे चालेल का? फोटो ठेवण्याच्या ऑनलाइन जागांनाही हाच प्रश्न लागू आहे.

मग आज काय घ्यावं?

तुमच्याकडे आधीपासून वाय-फाय कार्ड असेल आणि चालत असेल, तर जरूर वापरा. जुनं कार्ड विकत घ्यायचं असेल तर आधी दोन गोष्टी बघा. तुमचा कॅमेरा २००६ च्या आधीचा असेल तर तो बहुधा फक्त २ जीबीपर्यंतची साधी एसडी कार्डं घेतो. एसडीएचसी प्रकार २००६ मध्ये आला आणि ४ जीबी किंवा त्याहून मोठी वाय-फाय कार्डं त्या प्रकारची असतात, ती अशा कॅमेऱ्यात चालणार नाहीत. दुसरं, त्या कार्डाचं ॲप तुमच्या आजच्या फोनवर चढतं का, की नुसत्या ब्राउझरवर काम भागतं.

आणि नवीनच काही घ्यायचं असेल तर सरळ सांगतो: वाय-फाय कार्डाच्या मागे लागू नका. मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात बसणारा ओटीजी कार्ड रीडर घ्या. कार्ड काढायचं, रीडरमध्ये घालायचं, मोबाइलवर किंवा टॅबलेटवर फोटो उतरवायचे. पासवर्ड नाही, रेडिओ नाही, दोन कारभाऱ्यांचं भांडण नाही, आणि वेग कितीतरी जास्त. कार्ड वारंवार काढावं-घालावं लागतं एवढा एकच तोटा. ते आधी कॅमेरा बंद करून, आणि जमिनीवर सतरंजी असेल तरच करावं. मातीच्या अंगणात पडलेलं कार्ड शोधायला आम्हाला एकदा अख्खी संध्याकाळ लागली आहे.

आमची सध्याची पद्धत

निंबोला, असीरगड किंवा आजूबाजूच्या गावांत जाताना आम्ही आता असं करतो.

१. निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ लावतो, झोपेची वेळ वाढवतो, बॅटऱ्या आणि पॉवर बँक भरून घेतो. कार्ड कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करतो.

२. घरी गेल्यावर आधी विचारतो: काय काढू, काय नको, कोणाला दाखवू. उत्तर वहीत लिहितो.

३. पहिला फोटो नोंदीच्या कागदाचा. मग कामाला सुरुवात.

४. दर वीस-पंचवीस फोटोंनंतर थांबतो, ते टॅबलेटवर घेतो, घरच्यांना दाखवतो. ते जे सांगतील ते वहीत, फोटोच्या क्रमांकासह.

५. उठण्यापूर्वी मोजणी. कार्डात किती, टॅबलेटवर किती. जुळले नाहीत तर उठायचं नाही.

६. परतताना कार्ड एकाकडे, टॅबलेट दुसऱ्याकडे. शक्य तर वेगळ्या गाडीवर.

७. त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर प्रत, चेकसमची तपासणी. कॅमेऱ्याची नावं नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, म्हणून प्रत्येक फाइलच्या नावात गाव आणि तारीख घालतो. हे सगळं झाल्याशिवाय कार्ड पुसत नाही.

८. पुढच्या भेटीत घरच्यांना त्यांच्या कागदांच्या छापील प्रती नेऊन देतो. ही आमच्यासाठी आणखी एक सुरक्षित प्रतच आहे, आणि तिची काळजी घेणारी माणसं त्याच घरात आहेत.

त्या पहिल्या घरचे बाबा अजून भेटतात. उरलेल्या अकरा फोटोंच्या प्रती आम्ही त्यांना काढून दिल्या, त्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आता उंच फळीवर ठेवल्या आहेत. त्यातला एक कागद मोडी वाचणाऱ्या आमच्या मित्राने वाचला. एका विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांचा तो करार आहे. पाळ्यांची नावं दुसऱ्या पानावर होती. ते पान त्या अकरांत नाही.

वाचकांपैकी कोणाकडे या भागातले असे कागद किंवा फोटो असतील, तर ते कोणालाही देऊ नका, आम्हालाही नाही. त्यांचे फोटो मात्र लवकर काढा, आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना मोठ्या पडद्यावर दाखवून त्यांच्याकडून नावं लिहून घ्या. ते काम पावसाळ्याच्या आधी करा.